सरावाचा जोडीदार

निलंग्याच्या पंचक्रोशींत कुस्तीचा विषय निघाला, कीं रामलिंग मुदगड या गांवाचें नांव ओघानेंच येतें. निलंगा तालुक्यांतील याच गांवचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ सालीं लातूर येथें त्यांनीं महाराष्ट्र केसरी हा बहुमान मिळविला, पुढें दिल्लीच्या सतपालसारख्या बलाढ्य मल्लास अस्मान दाखविलें, आणि उत्तर आयुष्यांत पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत कित्येक मुलांना घडविलें. २०११ सालीं ते निवर्तले. त्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे आणि तें योग्यच आहे. परंतु असा एक मल्ल तयार होतो तेव्हां तालमीच्या लाल मातींत रोज पहांटे ज्यांची पाठ त्याच्याकडून भुईला लागलेली असते, त्यांचीं नांवें कोणास ठाऊक असतात? श्रोतेहो, आजचें भाषण त्या निनांवी माणसाविषयीं आहे.

तालमींत लढतीची जोड वस्ताद लावून देतो, आणि ती लावण्यांत त्याचें सारें शहाणपण दिसतें. थोराड मल्लासमोर तो एखादे दिवशीं हलका पण चपळ गडी उभा करतो, म्हणजे त्याच्या पायांना वेग येतो. दुसऱ्या दिवशीं वजनदार गडी देतो, म्हणजे त्याची पकड पक्की होते. या गड्याकडून वस्तादाची अपेक्षा एकच असते. त्यानें खरा विरोध करावा. एकेरी पट काढतांच जो आपण होऊन पडतो, त्याच्यावर केलेला डाव कधींच पक्का होत नाहीं. उलट, पडण्याची लाज वाटून जो नुसता अंग चोरून बसतो, त्याच्यासमोर डाव टाकण्याची संधीच मिळत नाहीं. या दोहोंच्या मधली वाट ज्याला सांपडली, तोच खरा जोडीदार.

हीच गोष्ट टेबल टेनिसच्या खेळांत अधिक स्पष्टपणें दिसते. नऊ फूट लांब व पांच फूट रुंद मेज, मध्यें सहा इंच उंचीची जाळी, आणि चाळीस मिलिमीटर व्यासाचा पोकळ चेंडू, एवढाच या खेळाचा संसार. धावणारा एकटा धावूं शकतो, पोहणारा एकटा पोहूं शकतो. येथें मात्र समोरून चेंडू आल्यावांचून हात चालत नाहीं. मग समोरचा खेळाडू कमी प्रतीचा असला, तर त्यानें काय करावें?

पहिली गोष्ट, त्यानें आधीं विचारावें. आज उजव्या बाजूचा फटका घोटावयाचा आहे, कीं डाव्या बाजूचा, कीं पायांची हालचाल, हें कळल्यावांचून सरावाला अर्थ नाहीं. दुसरी गोष्ट, ठरलेल्या जागीं, ठरलेल्या वेगानें चेंडू पुन्हां पुन्हां परत द्यावा. हें दिसतें तितकें सोपें नाहीं. जोरकस फटका नुसती फळी धरून शांतपणें परतविण्यास हात स्थिर लागतो आणि मन त्याहूनहि स्थिर लागतें. कारण मध्येंच एखादा चेंडू कोपऱ्यांत मारून गुण मिळविण्याचा मोह होतो. तो मोह आवरणें हीच त्याची तपश्चर्या. तिसरी गोष्ट, सराव संपून डाव मोजावयास लागले, कीं मात्र त्यानें तसूभरहि सवलत देऊं नये. तेथें तो हात राखून खेळला, तर त्यानें मित्राचें नुकसान केलें असें समजावें.

सरावाला योग्य जोडीदार नसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्या मुंबईनेंच पाहिलें आहे. १९५२ सालीं तेथें जागतिक स्पर्धा भरल्या. जपानचा हिरोजी सातो हा जाड स्पंजाची फळी घेऊन उतरला. इतरांच्या फळीवर चेंडूचा टणटण आवाज होई. त्याच्या फळीवर तो जवळजवळ होत नसे, आणि चेंडू मात्र विलक्षण वेगानें येई. अशा फळीसमोर खेळण्याची संवय कोणासहि नव्हती, कारण अशी फळी घेऊन सरावाला उभा राहणारा कोणाजवळच नव्हता. सातो जगज्जेता झाला.

पुढें १९६१ सालीं पेकिंग येथें स्पर्धा भरल्या, तेव्हां जपानी खेळाडूंजवळ चेंडूला जबर फिरकी देणारा नवा फटका होता. चिनी संघांतील कांहीं खेळाडूंनीं स्वतःची खेळण्याची रीत बाजूस ठेविली, तो परका फटका आत्मसात केला, आणि आपल्या सोबत्यांसमोर तो सतत मारून दाखविला. सांघिक अंतिम सामन्यांत चीननें जपानला हरविलें. पदकें सोबत्यांच्या गळ्यांत पडलीं. या खेळाडूंनीं मात्र आपला स्वतःचा खेळ गमावला होता. कारण परक्याची नक्कल हाडींमासीं भिनली, कीं आपला मूळचा हात परत येणें कठीण असतें.

येथें खरा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याच्या उत्कर्षासाठीं एखाद्यानें किती झिजावें? जोडीदाराचा कांहींच लाभ होत नाहीं असें नव्हे. बलवानाचा वेगवान चेंडू रोज परतविणाऱ्यास बरोबरीच्यांचा चेंडू संथ वाटूं लागतो. बलवानाकडून रोज पडणारा गडी पडावें कसें आणि सुटावें कसें हें शिकतो. परंतु हा लाभ त्याला घेऊं दिला पाहिजे. म्हणून बलवानावरहि एक ऋण आहे. दोन तास आपला सराव झाला, तर निदान अर्धा तास त्याचा व्हावा. त्याला जें शिकावयाचें आहे तें त्या वेळीं शिकवावें. विजयाच्या दिवशीं त्याचें नांव चारचौघांत घ्यावें. आणि पालकांनीं व शिक्षकांनीं रोज हरणाऱ्या मुलाची थट्टा करूं नये. थट्टेनें तो खेळ सोडतो, आणि तो गेला कीं जिंकणाऱ्याचाहि सराव बंद पडतो.

मोठ्या शहरांत एक गेला तर दुसरा मिळतो. निलंग्यासारख्या तालुक्याच्या गांवीं तसें नसतें. तेथें एका चांगल्या खेळाडूभोंवतीं दोन-चारच मुलें असतात. तीं टिकलीं तर तो गांवांत राहून वाढतो. तीं विखुरलीं तर त्यानें पुण्याची नाहीं तर कोल्हापूरची वाट धरावी, आणि ज्याच्या घरीं तेवढी ऐपत नाहीं त्यानें फळी खुंटीला टांगावी. गुणी मुलाची गदा पुष्कळदां गरिबीमुळें हुकते, हें सर्वांस ठाऊक आहे. ती समोर उभें राहणारा कोणी न उरल्यामुळेंहि हुकते, हें मात्र क्वचितच कोणाच्या लक्षांत येतें.

तेव्हां गांवच्या तालमींत किंवा शाळेच्या मेजापाशीं रोज हरूनहि दुसऱ्या दिवशीं वेळेवर हजर होणारा एखादा मुलगा दिसला, तर त्याला आज किती गुणांनीं हरलास असें विचारूं नये. आज काय शिकलास, असें विचारावें. आणि उद्यां येणार ना, एवढेंहि विचारावें.