सलूनमधले हेअर एक्स्टेन्शन्स: लावू की नको?

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, स्विच कधी मारायचा तेही नाही. आजचा विषय आहे केस. हसू नका. मागच्या भागानंतर तीन-चार जणींच्या व्हॉइस नोट्स आल्या आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: सलूनमध्ये एक्स्टेन्शन्स लावून घेऊ का? योगायोग असा, की गेले दोन महिने मीसुद्धा ह्याच प्रश्नात अडकले होते. त्यामुळे आज थोडं घरचं सांगते.

फेब्रुवारीत माझं लग्न आहे. जुलैमध्ये मला डेंग्यू झाला. त्यातून उठले, ऑफिस सुरू झालं, आणि सप्टेंबरच्या शेवटी केस गळायला लागले. गळायला म्हणजे मुठीने. उशीवर, कीबोर्डवर, बाथरूमच्या जाळीवर. भांग आधी रेघ होता, त्याचा रस्ता झाला. स्टॅन्ड-अप कॉलला मी कॅमेरा बंद ठेवायला लागले, नेट स्लो आहे म्हणून सांगायचे. आई केस विंचरायला बसली की एरवी तोंड थांबत नाही तिचं, पण त्या दिवसांत एकदम गप्प. फणीतले केस मला दिसू नयेत म्हणून मुठीत दाबून घ्यायची.

मग पुण्यात एका सलूनमध्ये गेले. तिथली ताई गोड होती. म्हणाली, "मॅडम, टेप-इन करून टाका, कुणाला कळणारपण नाही." आकडा सांगितला ३८ हजार. शिवाय दर सहा ते आठ आठवड्यांनी काढून पुन्हा वर लावायचे, त्याचे वेगळे. फोनवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले. फोटो भारीच होते, खोटं कशाला बोलू. पण फोटोतल्या मुलींचे आधीचे केस माझ्या आत्ताच्या केसांच्या दुप्पट होते. तिथे माझी ट्यूब पेटली.

आता हे लागतात कसे ते बघू, कारण निर्णय खरं तर तिथेच होतो. टेप-इनमध्ये तुमच्या केसांची पातळ बट घेतात आणि वरून एक, खालून एक अशा दोन चिकट पट्ट्यांमध्ये ती दाबतात. सँडविचच. केराटिन बाँडमध्ये बारीक बटेला केराटिनचा थेंब गरम करून चिकटवतात, ते तीन-चार महिने राहतं. मायक्रो-रिंगमध्ये गोंद नसतो, छोटी धातूची रिंग पक्कडीने दाबतात. विव्हिंगमध्ये डोक्याला लागून घट्ट वेण्या घालून त्यांवर केसांची झालर शिवतात. आणि क्लिप-इन म्हणजे टिकटॉक पिनांसारख्या क्लिपा: सकाळी लावा, रात्री काढा.

क्लिप-इन सोडलं तर बाकी सगळ्यांत गोष्ट एकच. नव्या केसांचं वजन तुमच्या जुन्या केसांच्या मुळांवर, चोवीस तास, काही आठवडे. साधारण १०० ग्रॅमचा सेट धरा. दाट केसांवर हे वजन वाटलं जातं, जाणवतही नाही. विरळ केसांवर तेवढंच वजन निम्म्या केसांना उचलावं लागतं. मुळं सतत ओढली गेली की जे होतं त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. लवकर थांबलात तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलात तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि तिथे पुन्हा काही उगवत नाही. लावल्यावर डोकं ठणकणं, मुळाशी पुटकुळ्या येणं ह्याला "सवय होईल" म्हणून सोडायचं नाही. सरळ जाऊन काढून घ्यायचं.

दुसरी गोष्ट मला सलूनमध्ये कुणी सांगितली नाही, पण आरशात बघून कळते. एक्स्टेन्शन्स लागतात कानाच्या बाजूला आणि मागे. वरून तुमचे स्वतःचे केस त्यांवर पडले पाहिजेत, नाहीतर पट्ट्या दिसतात. म्हणजे लांबी वाढते, खालचा भराव वाढतो, पण भांग आहे तसाच राहतो. माझं दुखणं तर भांगातच होतं! खाली कमरेपर्यंत केस आणि वर टाळू दिसतेय, हे जास्तच डोळ्यांत भरलं असतं.

मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. (जायला दोन आठवडे लागले, अपॉइंटमेंट मिळणं हा वेगळा एपिसोड होईल.) त्यांनी डर्मोस्कोप लावून भांग तपासला, रक्तातलं फेरिटिन बघायला सांगितलं आणि नाव दिलं: टेलोजन एफ्लुव्हियम. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा मोठा ताण ह्यांच्या धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. म्हणून जुलैच्या डेंग्यूचं बिल सप्टेंबरात आलं. बहुतेकांचं हे काही महिन्यांत आपोआप थांबतं. डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला: भांगाच्या कडेने दोन-सव्वादोन सेंटिमीटरचे उभे केस. नवे. मी त्यांना तुटलेले समजत होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे हिशोब बरोबर जुळत होता. आता ह्या कोवळ्या केसांना पट्टीत दाबायचं, वर वजन लटकवायचं? डॉक्टर म्हणाल्या, "सहा महिने थांबा, मग हवं ते करा."

पण हे माझ्यापुरतं. माझ्या मावसबहिणीचे केस दाट, फक्त खांद्यापर्यंत. तिला लांब हवे होते. तिने टेप-इन केले, दोनदा वर लावून घेतले, मग काढून टाकले. मस्त राहिले. काढताना मात्र पट्ट्यांबरोबर केसांचा हा एवढा पुंजका आला आणि तिने मला रडत फोन केला. तेव्हा गणित केलं. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात. पट्टीत धरलेल्या बटेतले जे गळतात, ते खाली पडतच नाहीत, तिथेच अडकून राहतात. सात आठवड्यांचे एकदम हातात आले की घाबरायला होणारच. टोकाशी पांढरट बारीक गाठ असलेले केस हे बहुतेक असे गळलेलेच असतात. मधूनच तुटलेले असतील, तर मात्र लावणाऱ्याला किंवा काढणाऱ्याला जाब विचारा.

आणि ठरवण्याआधी स्वतःचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. टेपच्या मुळाशी तेल चालत नाही, गोंद सुटतो. म्हणजे रविवारची चंपी बंद. हिंजवडीचा ट्रॅफिक, दीड तास हेल्मेट, आत घाम. ओले केस घेऊन झोपायचं नाही. आणि माझ्या बाबतीत तर कळस: आमच्याकडे हळदीला नवरीच्या डोक्यावर तेल घालतात, मग न्हाऊ घालतात. ३८ हजारांची पट्टी आणि पाच सवाष्णींच्या हातचं तेल! ताईला हे विचारलं तर ती म्हणाली, "त्यांना थोडंसंच घालायला सांगा ना." तिने माझ्या आत्या बघितलेल्या नाहीत.

आता थोडं विषयांतर, पण मला ते टाळता येत नाही. हे केस येतात कुठून? पाकिटावर "ब्राझिलियन" वगैरे लिहिलेलं असतं, ते बहुतेकदा नुसतं दुकानातलं नाव. जगातल्या बाजारात भारतातून जाणारे केस भरपूर आहेत. तिरुमलाला भाविक मुंडण करतात, ते केस देवस्थान लिलावाने विकतं. एकदम कापलेले असल्यामुळे सगळ्यांची मुळं एका बाजूला राहतात, केसावरचे खवले एकाच दिशेने. ह्यालाच रेमी म्हणतात, हे कमी गुंततात. दुसरा प्रकार आपल्या दारावरचा. माझी आजी फणीतले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची आणि केस घ्यायला बाई आली की त्यांवर आम्हाला फुगे मिळायचे. ते केस कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातात, तिथे बायका बसून एकेक गुंता हाताने सोडवतात. ह्यांत मुळं-टोकं उलटसुलट असतात. म्हणून अ‍ॅसिडने खवले काढून वरून सिलिकॉन चढवतात. दुकानात रेशीम, आणि काही धुण्यांनंतर झाडू. तेव्हा "रेमी आहे का" एवढं विचारून थांबू नका. एक केस दोन बोटांत धरून वरून खाली आणि खालून वर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट खरखरीत लागला तर खवले शाबूत आहेत.

आजीवरून आठवलं. एक्स्टेन्शन हा शब्द ऐकून ती म्हणाली, "अगं म्हणजे गंगावनच की!" तिच्या काळी वेणीत गंगावन गुंफणं ही नेहमीची गोष्ट होती. लग्नाला गुंफायचं, घरी आलं की सोडून ट्रंकेत ठेवायचं. प्रॉडक्शनवर काही चढवण्याआधी रोलबॅक कसा करायचा हे आपण विचारतोच ना? आजीच्या सिस्टिमला रोलबॅक होता.

मग मी नीट बसून बघितलं की मला लांब केस नेमके कधी हवेत. लग्नात नऊवारी, त्यावर खोपा आणि गजरा. खोप्यात तसाही भराव घालतात, लांबी कुणाला दिसते? मोकळे केस फक्त रिसेप्शनला, तीन तास. तीन तासांसाठी मुळांना दोन महिने वेठीला धरायचं मला पटलं नाही. मी खऱ्या केसांचा क्लिप-इन सेट घेतला, नऊ हजारांचा. सिंथेटिक खूप स्वस्त होते, पण साध्या सिंथेटिकला गरम टाँग लावला की ते वितळतात. रंग दिवसाउजेडात जुळवून घेतला, सलूनच्या पिवळ्या लाइटमध्ये नाही. घरी दोनदा चार-चार तास घालून बघितला. पहिल्यांदा कानामागची क्लिप टोचली, ती जरा खाली घेतली.

आणि हो, खरे केस खांद्यापर्यंत कापले. कापल्यावर ते दाट दिसायला लागले, सोमवारी मी कॅमेरा चालू केला. टीममधल्या एकानेच विचारलं, नेट सुधारलं का म्हणून.

आईला हे अजून पटलेलं नाही. "लग्नाच्या तोंडावर कुणी केस कापतं का!" हे मला रोज जेवताना ऐकायला मिळतं. काल मात्र तो क्लिप-इन सेट तिने स्वतःच्या केसांना लावून आरशात बघितला, दोन्ही बाजूंनी, बराच वेळ. रिसेप्शनला तो मी घालणार आहे की ती, हे अजून ठरायचंय.