वाडियांची वंशावळ
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



लालबाग-परळच्या आपण बहुतेकजणी 'वाडियात' बाळंत झालो आणि मूल तापाने फणफणले की त्याला खांद्यावर टाकून 'वाडियात'च धावलो. पण हे वाडिया कोण, असे कुणी विचारले तर "असतील कुणी पारशी शेठ" यापलीकडे आपल्याला सांगता यायचे नाही. म्हणून आज या घराण्याची वंशावळच तुमच्यापुढे मांडते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तकांतला मजकूर थोरल्या मुलीने मला वाचून सांगितला.

मूळ पुरुष लवजी नसरवानजी. राहणारे सुरतेचे, धंद्याने जहाजे बांधणारे सुतार. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईस आणले. १७५० साली येथे कोरडी गोदी झाली. कोरडी गोदी म्हणजे भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, दारे लावायची आणि पाणी काढून टाकायचे. मग तळापर्यंत उघडे पडलेले जहाज सुतारांना हाताशी येते. विलायतेची जहाजे ओक लाकडाची असत, त्यात लोखंडी खिळे गंजून जात. आपल्या सागाला अंगचेच तेल असते, त्याला ही पीडा नाही. म्हणून मुंबईची जहाजे पुष्कळ जास्त टिकत.

आता वंशावळ लावायची कशी? पारशांत मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येते, तेव्हा प्रत्येक नावात दोन पिढ्या सापडतात. नुसती साखळी जोडत जायची. लवजींचे मुलगे माणेकजी आणि बोमनजी. बोमनजींचे जमशेटजी बोमनजी. सगळ्यांत मोठे नाव यांचे. १८१० साली त्यांनी 'मिंडेन' ही लढाऊ नौका बांधली. इंग्रजांच्या आरमाराचे एवढे मोठे जहाज इंग्लंडबाहेर त्याआधी कुठे बांधलेच गेले नव्हते. १८१३ च्या त्यांच्या 'कॉर्नवॉलिस'वर पुढे १८४२ साली चीनशी तह होऊन हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. आणि १८१७ चे 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे! आपल्या मुंबईच्या सुतारांच्या हातचे काम, दोनशे वर्षांवर झाली. जमशेटजी १८२१ साली वारले, पुढे मुलगा नवरोजी जमशेटजी गादीवर आला.

दुसरी शाखा माणेकजींची. त्यांचे रुस्तमजी, रुस्तमजींचे करसेटजी, करसेटजींचे अर्देसर. लवजींचे हे खापरपणतू लाकडापेक्षा वाफेच्या यंत्रांत रमले. १८३४ साली त्यांनी माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावले आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले हिंदी सभासद झाले.

एवढी नावे लिहून झाल्यावर मुलगी म्हणाली, "आई, यात एकही बाई नाही." खरेच नव्हती. एवढ्या पुरुषांना जन्म देणाऱ्या कुणीतरी असतीलच की!

मग हुडकत गेले तेव्हा मोतलीबाई सापडल्या. माणेकजींचे दुसरे पुत्र नसरवानजी, त्यांचे जहांगीर, आणि जहांगीरांची कन्या मोतलीबाई, जन्म १८११. लग्न घराण्यातच झाले. त्यांचे नाव मोतलीबाई माणेकजी असे लिहितात. पण येथे माणेकजी म्हणजे बाप नव्हे, नवरा. पुरुषांच्या नावावरून साखळी जोडण्याची युक्ती बाईच्या नावाशी आली की फसते. १८३७ साली, पंचविशीच्या सुमारास, त्या विधवा झाल्या. पुढे व्यवहार त्यांनी स्वतः पाहिला, आणि भायखळ्याचे बाई मोतलीबाई प्रसूतिगृह त्यांच्याच दानातून उभे राहिले. १८९७ साली त्या गेल्या.

जेरबाई वाडियाही तशाच. पती नवरोजी यांनी बॉम्बे डाइंग काढली, तेही लवजींच्याच वंशातले. पती वारल्यावर जेरबाईंनी गरीब पारशांसाठी घरे बांधायला घेतली. आपल्या लालबागेतली नवरोज बाग ही त्यांतलीच. परळचे प्रसूतिगृह १९२६ चे, त्याला नवरोजींचे नाव आहे. मुलांच्या इस्पितळाला, १९२९ च्या, जेरबाईंचे. दारावरची पाटी आपण किती वेळा पाहिली असेल, वाचली किती जणींनी?

हे सारे लिहिताना मी आमच्याही घरची वंशावळ काढायला बसले. सासरची सात पिढ्यांची नावे दीर घडाघडा सांगतात. माझ्या आजीचे माहेरचे नाव मात्र कुणाला येईना. लग्नात नाव बदलले, तेव्हापासून ती लक्ष्मी. आधी कोण होती हे एक आत्याच सांगू शकली असती, ती गेल्या पावसाळ्यात वारली. वहीत त्या जागी मी कोरी ओळ ठेवली आहे.

तेव्हा पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने आपली आई, आजी आणि पणजी यांची माहेरची व सासरची नावे कागदावर लिहून आणावीत. घरी म्हातारे माणूस असेल तर आज रात्रीच विचारावे. कागद मी गोळा करीन.