घराचा कागद, बहिणीची सही आणि आपली भाषा



आज मला 'युवक आणि सीमाप्रश्न' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी त्यातला एकच कोपरा घेते. घर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर कसं होतं, आणि त्या वेळी आपल्या घरातल्या बायकांच्या सह्या कशा घेतल्या जातात. १ नोव्हेंबरला आपण दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालतो. मराठीत कागदपत्रं द्या, ही आपली जुनी मागणी. पण कागद घरात आल्यावर तो वाचतो कोण?

आमच्याच घरचं सांगते. आजोबांनी स्वतःच्या पगारातून गल्लीतलं घर बांधलं. ते गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. पुढं घर बाबा आणि काकांच्या नावावर करायचं ठरलं आणि आत्याला चंदगडहून बोलावून घेतलं. बाँड रायटरनं कागद तयार ठेवला होता, सगळा कन्नडमध्ये. आत्याला कन्नड वाचता येत नाही. "कुठं सही करू?" एवढंच तिनं विचारलं. मी शाळेत कन्नड शिकलेय, म्हणून अडखळत वाचून दाखवलं. वर लिहिलं होतं, 'हक्कु बिडुगडे पत्र'. म्हणजे हक्कसोड पत्र. आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला घर नको गं. पण आधी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

आता कायदा काय म्हणतो बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र नसेल तर त्याची आई, बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा मिळतो. आमच्याकडं आजी, बाबा, काका आणि आत्या. चौघांना चार आणे, चार आणे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क द्यायची दुरुस्ती कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांनी १९९४ मध्येच आणली होती, पण त्यात लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवलं होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीनं ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. "तिच्या लग्नात दिलंय की" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. लग्नाला खर्च केला म्हणून वारसाहक्क संपतो, असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही.

बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर तिनं खुशाल सोडावा. तो तिचा निर्णय. पण नोंद झालेलं हक्कसोड पत्र नंतर मनात आलं म्हणून फिरवता येत नाही. फसवून सही घेतली म्हणायचं तर ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. बक्षीसपत्राचंही तसंच. ते नोंदवावंच लागतं, दोन साक्षीदार लागतात, आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्यानं ते स्वीकारावं लागतं. एकदा दिलं की दिलं. म्हणून आईवडिलांनी मुलाला घर बक्षीस देताना 'आम्हाला शेवटपर्यंत सांभाळायचं' ही अट कागदातच लिहून घ्यावी. मुलानं ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडं दाद मागता येते. मृत्युपत्राचं वेगळं. ते माणूस गेल्यावर लागू होतं आणि तोवर कितीही वेळा बदलता येतं. आणि एक लक्षात ठेवा, घरफाळ्याच्या किंवा खात्याच्या उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही.

आपली सीमाभागाची म्हणून एक अडचण आहे. आपण मोबाईलवर मराठी व्हिडिओ बघतो. त्यात सांगतात, मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला दोनशे रुपये मुद्रांक. तो महाराष्ट्राचा नियम. घर बेळगावात, खानापुरात, निपाणीत असेल तर मुद्रांक कर्नाटकाचा आणि नोंदणीही कर्नाटकात. तिथं बक्षीसपत्राला 'दान पत्र', वाटणीपत्राला 'विभाग पत्र', खरेदीपत्राला 'क्रय पत्र' म्हणतात. कोल्हापुरात दिलेल्या बहिणीला येणं जमत नसेल, तर ती तिच्या भागातल्या सब-रजिस्ट्रारसमोर मुखत्यारपत्र करून देऊ शकते. पण तेही तिनं वाचूनच.

मग भाषेचं काय? १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १९ वाचा. सब-रजिस्ट्रारला न समजणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात सर्रास वापरात नसलेल्या भाषेतला दस्त असेल, तर जिल्ह्यातल्या वापरातल्या भाषेत त्याचं भाषांतर जोडावं लागतं. कायद्यानं इथं जिल्ह्यातल्या लोकांची भाषा विचारात घेतली आहे. आणि राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अधिकाऱ्याकडं तक्रार, गाऱ्हाणं मांडता येतं. बेळगावात मराठी वापरात आहे, हे कुणी कुणाला सिद्ध करून दाखवायची गरज आहे का?

ही लढाई आपण लढूच. पण मराठी कागद मिळेपर्यंत आत्यानं न वाचता सही करायची का? आपल्यातल्या बऱ्याच जणांना शाळेमुळं कन्नड वाचता येतं. ते वापरा. कन्नड वाचल्यानं आपली मागणी कमी होत नाही. उलट, समोरच्या कागदात काय लिहिलंय ते कळलं की मागणी नेमकी करता येते.

आमच्या आत्यानं शेवटी हक्क सोडला नाही. खात्याला चौघांची नावं लागली. घरात काही दिवस अबोला होता, पण गणपतीला ती नेहमीसारखी आली.

आपण सरकारला म्हणतो, आम्हाला न विचारता आमच्या गावांचा निर्णय घेतलात. बरोबरच आहे. मग बहिणीला न विचारता तिच्या हिश्शाचा निर्णय आपण कुठल्या तोंडानं घेतो? घरी गेलात की एवढं करा. घराचा कागद बाहेर काढा, आजीला, आईला, बहिणीला शेजारी बसवा आणि मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा. सही करायची का नाही, ते त्यांना ठरवू द्या.

जय महाराष्ट्र.