घराचा डोळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी एका लहानशा शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे गवाक्ष. कथा-कीर्तनात आपण तो ऐकतो. ‘गो’ म्हणजे गाय किंवा बैल, ‘अक्ष’ म्हणजे डोळा. बैलाच्या डोळ्यासारखा वाटोळा झरोका, ते गवाक्ष. कार्ल्याच्या लेण्याच्या दर्शनी बाजूस घोड्याच्या नालासारखी मोठी कमान आहे. तिला चैत्यगवाक्ष म्हणतात. आतल्या स्तूपापर्यंत उजेड पोचतो तो तिच्यातूनच.

दुसरा शब्द वातायन, म्हणजे वाऱ्याची वाट. गंमत अशी, की इंग्रजांचा ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’! ‘व्हेंटिलेटर’ही लॅटिनमधल्या वाऱ्याच्या शब्दावरूनच झाला. दूरदूरच्या लोकांना घराला डोळा असावा आणि त्यातून वारा खेळावा, असेच वाटले.

कौलारू घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. आता आपल्या वालीवमध्ये स्लॅबची घरे झाली. न्हाणीघराला वर एवढासा झरोका. पावसाची झड येते, डास येतात, म्हणून आपण त्याला पुठ्ठा लावतो. मीही लावला होता.

एका श्रावणात माझी मुलगी आंघोळीला गेली. आत गॅसचा गीझर चालू होता. हाका मारल्या तरी ओ येईना. दार फोडले, तेव्हा ती खाली पडलेली! उघड्यावर आणून दवाखान्यात नेली, म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गॅस जळला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग. डोके जड होते, चक्कर येते आणि माणूस दाराची कडी काढण्याआधीच कोसळतो.

बायांनो, चूक माझ्या हातची होती. घराचा डोळा मीच झाकला होता. आता गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवला आहे, आणि झरोक्याला पुठ्ठ्याऐवजी जाळी आहे.

मंडळाच्या वाढदिवशी तुमच्याकडे एवढेच मागते. घरी गेल्यावर आधी स्टुलावर चढा आणि तो पुठ्ठा काढा.