कंपनीच्या शेअरचे मोल : आजच्या टिकाऊ कमाईच्या तराजूत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात चार शब्द बोलण्याची संधी मला दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, ती पेढीच्या गादीवर बसता बसता. म्हणून विद्वत्तेचा आव न आणता, व्यापाऱ्याने व्यापाऱ्यांशी बोलावे तसे बोलणार आहे.

कापडाच्या थानाचे मोल कसे करावे हे आपणास शिकवावे लागत नाही. सूत कोणते, पन्हा किती, रंग पक्का की कच्चा, हे पाहून आपण भाव बोलतो. परंतु संपूर्ण धंद्याचे मोल किती, असे कोणी विचारले की आपण गोंधळतो. कोणी ताळेबंदातील आकडा सांगतो, कोणी बाजारात चाललेला भाव सांगतो, तर कोणी गेल्या वर्षीच्या नफ्याला मनास येईल त्या अंकाने गुणतो.

हा प्रश्न केवळ शेअर बाजारातील नाही. भावाभावांत वाटणी होते, भागीदार निवृत्त होतो, घरातला कर्ता पुरुष अकाली जातो, त्या प्रत्येक वेळी तो दारात उभा राहतो. माझ्या पाहण्यातील एका कुटुंबात तीन भावांची पेढी होती. धाकटे बंधू निवर्तले तेव्हा त्यांच्या पत्नीस भांडवल खात्यावरील शिल्लक तेवढी देण्यात आली. पेढी मात्र वर्षानुवर्षे उत्तम नफा मिळवीत होती आणि पुढेही मिळवीत राहिली. कोणाचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. हिशेब कसा मांडावा हेच कोणास ठाऊक नव्हते. परंतु त्या वहिनींनी पुढे शिवणकाम करून मुलांची शिक्षणे पूर्ण केली, हेही तितकेच खरे. अज्ञानाने झालेला अन्यायही अन्यायच असतो. म्हणून हा विषय मी महत्त्वाचा मानतो.

विचाराचा उगम

कंपनीच्या शेअरचे मोल तिच्या अर्जनशक्तीवरून ठरवावे हा विचार नवा नाही. अमेरिकेतील बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ या ग्रंथात त्याचा पाया घातला. पुढे कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक ब्रूस ग्रीनवाल्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यास नेटकी रीत दिली.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. बी. कॉम.च्या वर्गात ख्यातिमूल्य काढताना ‘भविष्यात टिकू शकणारा नफा’ आपणांपैकी अनेकांनी गिरवला आहे. भांडवल उभारणीवर सरकारी नियंत्रण होते त्या काळात, म्हणजे १९९२ पूर्वी, शेअरचे मूल्य ठरविताना करोत्तर नफ्याच्या सरासरीचे भांडवलीकरण होत असे. उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के आणि व्यापारी कंपन्यांसाठी २० टक्के असा दर धरला जाई. सर्वोच्च न्यायालयानेही १९७२ व १९८० सालच्या करविषयक निकालांत हेच तत्त्व मानले, की चालू असलेल्या खाजगी कंपनीच्या शेअरचे मोल सामान्यतः तिच्या नफा मिळविण्याच्या क्षमतेवरून करावे. मालमत्ता मोडून येणाऱ्या किमतीचा विचार कंपनी गुंडाळण्याची वेळ आली असेल तेव्हा करावा.

यंत्रे म्हणजे मोल नव्हे

आपल्या कापडधंद्यातीलच एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्ड येथे बर्कशायर हॅथवे नावाची कापडगिरणी होती. १९६५ साली वॉरन बफे यांनी तिचा ताबा घेतला. वीस वर्षे प्रयत्न करूनही गिरणीत पुरेशी कमाई होईना, तेव्हा १९८५ साली कापड विभाग बंद केला. सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर मूळ किमतीच्या यंत्रसामग्रीचे लिलावात अवघे १,६३,१२२ डॉलर आले. १९८१ साली प्रत्येकी ५,००० डॉलरला घेतलेल्या मागांना ५० डॉलरलाही गिऱ्हाईक मिळाले नाही. शेवटी ते २६ डॉलरने भंगारात गेले.

मुंबईच्या गिरणगावानेही आपणास हाच धडा दिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कित्येक गिरण्यांची चाके पुन्हा फिरली नाहीत. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जागांचा लिलाव झाला तेव्हा बोली लागली ती जमिनीवर, मागांवर नव्हे. जो माग कमाई देत नाही तो केवळ लोखंड असतो. म्हणून प्रथम कमाई पाहावी.

रीत कशी मांडावी

आता रीत सांगतो. इचलकरंजीतील एक कापड-प्रक्रिया कंपनी आहे असे कल्पू या. आकडे माझ्या कल्पनेतील आहेत, पण त्यांची ठेवण आपल्या परिचयाची आहे.

या कंपनीची वार्षिक विक्री १०० कोटी रुपये. व्याज व कर वजा करण्यापूर्वीचा नफा विक्रीच्या शेकडेवारीत गेली पाच वर्षे असा : ८, ६, ९, १२ आणि यंदा १५. विकणारा साहजिकच १५ कोटींचा नफा पुढे करील. परंतु तेजीचे एक वर्ष म्हणजे धंद्याची प्रकृती नव्हे. लगीनसराईच्या महिन्यातील विक्रीस बाराने गुणून कोणी वर्षाची विक्री काढत नाही. मंदी आणि तेजी दोन्ही सामावतील इतकी वर्षे घ्यावीत. पाच वर्षांची सरासरी १० टक्के येते; म्हणून आपला आरंभ १० कोटींपासून.

दुसरी पायरी ‘अपवादात्मक’ खर्चाची. एखाद्या वर्षी आग, दुसऱ्या वर्षी बुडीत येणे, तिसऱ्या वर्षी माल परत, असे दरवर्षी काही ना काही दाखवले जाते आणि ‘हे पुन्हा होणार नाही’ असे सांगितले जाते. दरवर्षी नव्या नावाने येणारा पाहुणा हा घरचाच माणूस समजावा. त्याची सरासरी १ कोटी वजा करू. तसेच घरचे संचालक नाममात्र पगार घेत असतील, तर त्यांच्या जागी पगारी व्यवस्थापक ठेवण्यास जो अधिक खर्च येईल, तोही धरावा. तो १ कोटी. उरले ८ कोटी.

तिसरी पायरी प्राप्तिकराची. सोयीसाठी २५ टक्के धरू. उरले ६ कोटी.

चौथी पायरी घसाऱ्याची. पुस्तकात ४ कोटी घसारा लावला आहे. परंतु आजच्या भावाने यंत्रे बदलून धंदा आहे तेवढाच चालू ठेवण्यास वर्षाला ५ कोटी लागतात. म्हणजे आणखी १ कोटी वजा. (घसारा गरजेपेक्षा जास्त लावला असेल तर उलट मिळवावे.) मात्र धंदा वाढविण्यासाठी घेतलेली नवी यंत्रे या हिशेबात धरू नयेत. आता उरले ५ कोटी. हीच या कंपनीची आजची टिकाऊ कमाई.

पाचवी पायरी भांडवलाच्या खर्चाची. अशा जोखमीच्या धंद्यात पैसा घालणाऱ्या भागधारकांची आणि कर्ज देणाऱ्या बँकेची एकत्रित अपेक्षा शेकडा साडेबारा आहे असे धरू. वर्षाला १ रुपया मिळत राहणार असेल आणि मला साडेबारा टक्के हवे असतील, तर मी त्यासाठी ८ रुपयांपेक्षा अधिक देऊ नये. या न्यायाने ५ कोटींचे मोल ४० कोटी.

शेवटची पायरी मालकाच्या वाट्याची. कर्ज १४ कोटी आहे, ते वजा करावे. व्याज आपण नफ्यातून वजा केले नव्हते ते याचसाठी. नाही तर एकच ओझे दोनदा मोजले जाईल. धंद्यास न लागणारी २ कोटींची मुदत ठेव आणि ४ कोटींचा मोकळा भूखंड मिळवावा; त्यांचे व्याज-भाडे आपण नफ्यात धरलेले नाही. राहिले ३२ कोटी. शेअर ४० लाख असतील तर प्रत्येक शेअर ८० रुपयांचा.

आता यंदाच्याच १५ कोटींवरून, इतर कसलीही दुरुस्ती न करता, केवळ कर वजा करून हाच हिशेब केला असता तर? शेअर २०५ रुपयांचा दिसला असता. कंपनी तीच, यंत्रे तीच, माणसे तीच. फरक केवळ इतकाच की एकाने कमाई तपासली आणि दुसऱ्याने तशीच मानली.

मात्र ८० हा आकडा शिलालेख समजू नये. परताव्याची अपेक्षा १० टक्के धरली तर १०५ रुपये येतात. १५ टक्के धरली तर सुमारे ६३. म्हणून विवेकी माणूस एक आकडा न धरता पट्टा धरतो आणि खरेदी करताना त्याच्या खालच्या टोकाजवळ राहतो.

वाढीचे मोल केव्हा द्यावे

आपण वाढ मुळीच धरली नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ते मुद्दाम केले. आजची कमाई समोर दिसते. वाढ हे आश्वासन असते. शिवाय प्रत्येक वाढ लाभदायक नसते. समजा, आपल्या कंपनीने १० कोटी घालून नवा विभाग काढला आणि त्यातून वर्षाला ८० लाख टिकाऊ कमाई आली. साडेबारा टक्क्यांनी तिचे मोल ६ कोटी ४० लाख. विक्री वाढली, कारखाना मोठा दिसू लागला, आणि मालकाचे ३ कोटी ६० लाख मात्र गेले.

वाढीचा खरा लाभ कोणास होतो? यासाठी कमाईवरून काढलेले मोल आणि तसाच धंदा आज नव्याने उभारण्याचा खर्च यांची तुलना करावी. दोन्ही सारखे असतील तर तो सर्वसाधारण स्पर्धेचा धंदा होय. कमाईचे मोल कमी असेल, तर भांडवल अडकून पडले आहे किंवा व्यवस्थापन सदोष आहे. कमाईचे मोल अधिक असेल, तर त्यामागील कारण शोधावे : नाममुद्रा आहे, गिऱ्हाइकांची जडलेली सवय आहे, की दुसऱ्यास सहज न मिळणारी सोय आहे? असे कारण सापडले आणि ते टिकणारे असले, तरच वाढीसाठी चार पैसे अधिक मोजावेत.

मर्यादा आणि सावधगिरी

ही रीत सर्वत्र लागू पडत नाही. बँकेच्या धंद्यात व्याज हाच कच्चा माल असतो, तेथे ती अशीच लावता येत नाही. खाणीतील साठा संपणारा असतो. नव्या कंपनीस तर मागील वर्षेच नसतात. तंत्रज्ञान बदलून ज्यांचा धंदा ओसरत आहे त्यांची जुनी सरासरी फसवी ठरते.

आणि सर्वांत मोठी अट ही की आकडे खरे असले पाहिजेत. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी स्वतःच्या पत्रात कबूल केले की सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत दाखविलेला ६४९ कोटींचा कार्यचालन नफा प्रत्यक्षात ६१ कोटी होता. असा आकडा कोणत्याही सूत्रात घातला तरी उत्तर खोटेच येणार. म्हणून नफ्याबरोबर रोकड खरोखर येते काय, उधारी फुगत आहे काय, करभरणा नफ्याशी जुळतो काय, हे पाहावे. हे प्रश्न आपण आपल्या गिऱ्हाइकास उधार माल देताना विचारतोच. शेअर घेताना ते विसरण्याचे कारण नाही.

दोन विनंत्या

तरुण मित्रांना माझी विनंती आहे, की कोणाच्या कानगोष्टीवरून शेअर घेण्यापूर्वी कंपनीचे किमान पाच वर्षांचे अहवाल समोर ठेवून एका कागदावर या सहा पायऱ्या लिहाव्यात. संध्याकाळभराचे काम आहे.

ज्येष्ठांना विनंती अशी, की पाडव्याला नव्या वह्या घालताना आपल्या पेढीच्या किंवा कंपनीच्या टिकाऊ कमाईचे मोल काढून सर्व भावांनी त्याखाली सह्या कराव्यात आणि कोणी बाहेर पडल्यास किंवा निवर्तल्यास त्याच्या वारसांना याच रीतीने रक्कम मिळेल असे भागीदारीच्या करारात लिहून ठेवावे. आपल्या सनदी लेखापालांना विचारले तर ते ही कलमे योग्य शब्दांत बसवून देतील. सर्वजण एकत्र जेवत असतात तेव्हा हा हिशेब अर्ध्या तासात होतो; मने फाटल्यावर त्यास दहा वर्षे आणि न्यायालय लागते. त्या वहिनींच्या वाट्यास जे आले ते आपल्या घरातील कोणा लेकी-सुनेच्या वाट्यास येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.