मंत्रचळ आणि लहानपणची धास्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण दोन वर्षे मी माझ्या मामेबहिणीला मनाच्या डॉक्टरांकडे नेत आहे. तिथे कळले ते तिच्या परवानगीने सांगते. तिचे नाव मात्र विचारू नका.

मंत्रचळ हा आपला जुना शब्द. कडी दहादा पाहणे, धुतलेले हात पुन्हा धुणे, असे कुणी करू लागले की आपण हसतो. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात, आणि तो खरा आजार आहे. नको तो विचार मनात घुसतो, जीव घाबरा होतो. ती घबराट शमावी म्हणून माणूस तीच कृती पुनःपुन्हा करतो. घटकाभर बरे वाटते, आणि त्यामुळेच सवय अधिक पक्की होते. टापटीप म्हणजे हा आजार नव्हे. टापटिपीने समाधान मिळते. इथे तासच्या तास जातात आणि समाधान काही मिळत नाही.

माझ्या बहिणीची आई लवकर गेली. ती ज्या घरी वाढली तिथे मार केव्हा बसेल याचा नेम नव्हता. पेला वाकडा ठेवला तरी मार, पाणी सांडले तर रात्रभर ओसरीवर. "तुझ्यामुळेच घराला अवदसा आली," हे रोजचेच. सगळे बिनचूक केले तर आजचा मार चुकेल, असे त्या लहान जीवाने मनाशी धरले. पुढे सासर चांगले मिळाले. मारणारे हात मागे राहिले, धास्ती मात्र बरोबर आली. साबणाने तिचे हात फुटत. रात्री गॅसचे बटण वीसवीस वेळा पाही.

लहानपणी मारहाण, अपमान, हेळसांड किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांत हा आजार अधिक आढळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण तेवढेच कारण नव्हे. आनुवंशिकता असते, मेंदूच्या कामातील फरक असतो. मायेत वाढलेल्यांनाही तो होतो, आणि मार खाल्लेल्या पुष्कळांना होत नाही. म्हणून आजारी माणूस दिसला की त्याच्या आईबापांवर बोट ठेवू नये.

यावर उपाय आहेत. गोळ्यांचा गुण यायला दोनतीन महिने लागतात. मध्येच सोडायच्या नाहीत. दुसरा उपाय सरावाचा. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढते, मग आपोआप उतरते. हे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने करायचे. माझे मेहुणे "बटण बंद आहे गं" असे रात्री वीसदा सांगत. डॉक्टरांनी त्यांना तेही हळूहळू, न रागावता कमी करायला लावले. आज ती बटण एकदा पाहते, कधी दोनदा, आणि झोपते.

काही भगिनी म्हणतील, मुलांना वळण लावायला धाक नको का? वळण हवेच. पण शिस्तीत मुलाला ठाऊक असते, काय केले तर काय होईल. धास्तीत ते कधीच ठाऊक नसते. शाळेत मुलांना मारण्यास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. घरात मात्र ते आपल्याच हाती आहे.

दोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा 2022 साली सुरू झाली, क्रमांक 14416. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. शेजारी एखाद्या मुलाचे हाल होत असतील तर 1098.

आणि एक विनंती. हळदीकुंकवाला एखादी बाई पुनःपुन्हा हात धुताना दिसली, तर कुजबुजू नका. तिला एकटीला गाठून विचारा, "दवाखान्यात मी येऊ का बरोबर?" माझ्या बहिणीला हे विचारणारे कुणी भेटेपर्यंत तिची चाळिशी उलटली होती.