दहावा झेल



जहीर खान श्रीरामपूरचा. सतराव्या वर्षी मुंबईला गेला, सुधीर नाईकांच्या हाताखाली आला, मग चेन्नईचं एमआरएफ गोलंदाजी केंद्र, बडोद्याकडून रणजी, 2000 मध्ये भारतीय संघ. हे तुम्हाला तोंडपाठ. 2003 च्या विश्वचषक अंतिम सामन्यातलं पहिलं षटकही पाठ, पंधरा धावांचं. पुढच्या रांगेतले सुस्कारे ऐकू आले, म्हणून ते सोडतो.

मी बोलणार आहे 2006 च्या वूस्टरशायरवर, इंग्लंडमधल्या कौंटी क्रिकेटवर. पत्रिकेत 'विश्वविजेता जहीर' छापलंय, त्याला माझा इलाज नाही. (हशा)

माझ्या मते जहीर खरा घडला तो तिथे. भारतीय संघातून बाहेर होता तेव्हा. कौंटी म्हणजे सालदारकी हो! आपल्याकडे आखाजीला वर्षभराच्या शेतमजुरीचं साल धरतात, तिकडे एप्रिलमध्ये. चार दिवस सामना, सामान बांधून दुसरं गाव, पुन्हा चार दिवस. सेव्हर्न नदीकाठचं मैदान, समोर कॅथेड्रल, डबा घेऊन आलेली म्हातारी माणसं. तिकडच्या ड्यूक्स चेंडूची शिवण लवकर दबत नाही, पण तिच्यावर टप्पा पाडायची सवय रोज राबूनच लागते. मागून कुणीतरी 'लिली' म्हणालं. एमआरएफचा प्रशिक्षक डेनिस लिली मास्तर खराच, पण शाळा वेगळी आणि शेत वेगळं. पहिल्याच सामन्यात सॉमरसेटचे दहा बळी. वूस्टरकडून पदार्पणात असं शंभरहून अधिक वर्षांत कुणी केलं नव्हतं. हंगामात 78.

आणि एसेक्सचा तो डाव. पडलेले पहिले नऊच्या नऊ गडी जहीरचे. शेवटचा डॅरेन गॉफ, स्वतः वेगवान गोलंदाज. त्याचा झेल उडाला आणि कोवळ्या यष्टिरक्षकाच्या हातून सुटला. दहा झाले नाहीत ते नाहीतच.

त्या पोराला मी नावं ठेवणार नाही. का, ते सांगतो. शिंदखेड्यात बुराई नदीच्या कोरड्या पात्रात टेनिस बॉलची मॅच होती. आमच्या गोलंदाजाने लागोपाठ दोन उडवले, तिसरा चेंडू हवेत, खाली मी. सूर्य डोळ्यांत होता... हसू नका, खरंच होता! सुटला. तो मित्र आता दोंडाईच्याला मिरचीच्या धंद्यात आहे. अजून चहा पाजतो, पण कप टेबलावरच ठेवतो. म्हणतो, "तुन्हा हातमा नही देस भो, सुटी जाई." (प्रचंड हशा) चाळीस वर्षं झाली!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

2007, ट्रेंट ब्रिजची कसोटी. इंग्लंडच्या खेळाडूंनी खेळपट्टीवर जेली बीन्सच्या गोळ्या टाकल्या, जहीर बॅट उगारून भांडला. लोकांना तेवढंच आठवतं. त्या सामन्यात त्याने नऊ बळी घेतले, आणि इंग्लंडमधली कसोटी मालिका आपण 1986 नंतर पहिल्यांदा जिंकली. राग सगळ्यांना दिसला, आदल्या सालातली मजुरी कुणाला दिसली नाही. 2011 च्या विश्वचषकातले 21 बळी? त्याला आता वेळ नाही, पत्रिकावाल्यांनी क्षमा करावी.

चहा आलाय म्हणे. अध्यक्षमहाराज, माझा कप तेवढा टेबलावरच ठेवा.